टोच

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या शमन केंद्रात शैलजा कलशेट्टी नऊ वर्षं यंत्र चालवत होती. त्या शहरातल्या माणसांनी आपल्या बायकोला, आईला, देवालाही जे सांगितलं नव्हतं, ते तिच्या कानांवरून गेलं होतं. केंद्राच्या पाटीवर ‘अपराधभाव शमन’ असं लिहिलेलं होतं, पण ते शब्द कुणाच्या तोंडी बसले नाहीत. लोक म्हणत, ‘टोच काढून घेतली.’ दाढ काढली म्हणावं तितक्या सहज.

आठवण म्हणजे दगडावरची रेघ, असं आपण समजतो. तसं नसतं. आठवण प्रत्येक वेळी बाहेर काढली की काही तास ओल्या मातीसारखी मऊ राहते आणि मग पुन्हा घट्ट होते. ती मऊ असताना कानशिलाच्या आत खोलवर दुमडून बसलेल्या मेंदूच्या एका भागाला बारीक ध्वनिलहरींनी गप्प ठेवलं, तर ती परत घट्ट होते ती टोचणीवाचून. काय घडलं, कुणाला काय केलं, वार, तारीख, सगळं शाबूत राहतं. फक्त मन खात नाही, आणि जे मनाला खात नाही ते नीट आठवायची कुणाला गरजही वाटत नाही. चिरफाड नाही, औषध नाही. खुर्ची, डोक्याभोवती एक कडं आणि चाळीस मिनिटं.

एकच अट होती. माणसाने ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायची. पडद्यावर वेदनेचा आलेख उमटे, पण समोरचा खरं बोलतोय की वळसा घेतोय हे यंत्राला कळत नसे. ते शैलजाला कळे. माणूस नेमक्या जागेवर पोचला, आवाज चिरकला, की ती बटण दाबी.

तिचा पहिला रुग्ण रेल्वेचा चालक होता. त्याच्या इंजिनासमोर एका बाईने उडी टाकली होती आणि चौदा वर्षं ती बाई रोज त्याच्या डोळ्यांसमोर येत होती. खुर्चीतून उठल्यावर तो शैलजाच्या पाया पडायला वाकला. त्याची काही चूक नव्हती, आणि चूक नसताना सोसणाऱ्यांसाठीच ही विद्या निघाली होती. त्या दिवशी घरी जाताना शैलजाला वाटलं होतं, आपण पुण्याचं काम करतो.

पुढे माणसं बदलत गेली. आधी दुसऱ्याच्या दुर्दैवाला साक्षी राहिलेले आले, मग चुका केलेले आले, मग जाणूनबुजून केलेले. सातव्या वर्षी एक गृहस्थ आला आणि नम्रपणे म्हणाला, “पुढच्या बुधवारी वडिलांना तुळजापूरच्या बसमध्ये बसवून यायचंय. परत आणायचं नाहीये. गुरुवारची वेळ मिळेल का?” स्वागतकक्षातल्या मुलीने त्याला गुरुवारी साडेअकराची वेळ दिली.

शहर शांत झालं होतं, हे खोटं नव्हे. भांडणं कमी झाली. झोपेच्या गोळ्या खपेनात. मात्र ‘चुकलं माझं’ हे शब्द ऐकून किती दिवस झाले, असा विचार एकदा भाकरी थापताना शैलजाच्या मनात आला आणि तिला आठवेना.

तिच्या नवऱ्याने, मल्लिनाथनेही एकदा टोच काढून घेतली होती, दुसऱ्या केंद्रात. कशाची ते विचारायचं नाही असा रिवाज पडला होता, म्हणून तिने विचारलं नाही. पण त्यानंतर तो चहा पिताना तिच्याकडे बघून हसला, की त्या हसण्यामागे तिच्याशी केलेलं असं काय आहे जे आता त्याला बोचत नाही, हा प्रश्न तिच्या घशाशी येऊन थांबे.

*

श्रावणातल्या एका दुपारी तिचा धाकटा भाऊ गुरुनाथ केंद्रात आला. गुरू आठ वर्षांचा असताना त्यांची आई गेली. तेव्हापासून शैलजानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले. तो आता एका खासगी डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ होता. महिनाभरात त्याची गालफडं बसली होती.

“अक्का, झोप नाही,” तो म्हणाला. “घास तोंडात नुसता फिरतो. माझी टोच काढ.”

“नात्यातल्या माणसाला मी बसवू शकत नाही, गुरू. नियम आहे. दुपारनंतर दुसरी मुलगी येईल.”

“दुसऱ्या कुणासमोर मला बोलता यायचं नाही.”

तिने दार लोटून घेतलं. त्याच्या डोक्याला कडं बसवताना तिच्या लक्षात आलं, त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले आहेत.

गुरू बोलू लागला. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त यंत्रातून धुतात, आणि एका वेळेला त्याला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं. ते पाणी रक्ताच्या इतक्या जवळून जातं, की मधे फक्त एक पातळ पापुद्रा असतो. म्हणून साधं पाणी चालत नाही. शहराच्या पाण्यात गाळ खाली बसवायला तुरटी घालतात. तुम्हाआम्हाला तिचं काही होत नाही, पण या रुग्णांच्या रक्तात तिच्यातला धातू शिरला तर तो बाहेर पडत नाही. हाडांत साठतो. हाडं ठणकतात, मऊ पडतात. पुढे मेंदूत जातो.

“पाणी गाळायच्या यंत्राचे पडदे गेल्या डिसेंबरात संपले,” गुरू डोळे मिटून सांगत होता. “मालकाला दोनदा सांगितलं. म्हणाला, चालतंय तोवर चालव. पाणी महिन्याला तपासायचं असतं. मी टेबलाशी बसून जुनेच आकडे लिहितो. आठ महिने लिहितोय. अक्का, सतरा माणसं आहेत. चंद्रभागाबाई म्हणून एक आहेत, म्हेत्रे, आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांची कंबर दुखते. डाव्या बाजूला. कूस बदलताना जीव जातो म्हणतात. मला विचारतात, बाळा, पाण्यात काही आहे का रे? मी म्हणतो, वय झालं मावशी. त्या माझ्यासाठी शेंगाचटणी घेऊन येतात.”

त्याचा आवाज चिरकला. आलेख वर चढला. बटण दाबायची हीच वेळ होती.

शैलजाने हात मागे घेतला. “गुरू, थांब. हे आधी निस्तर. वरच्या अधिकाऱ्यांना कळव. मग ये, मी स्वतः तुला बसवते.”

“कळवतो. सोमवारी कळवतो, आईची शपथ. पण आधी हे काढ. असंच राहिलं तर सोमवारपर्यंत मी उरत नाही अक्का. काल मी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर दोन तास उभा होतो.”

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती, लहानपणी डॉक्टरकडे सुई टोचून घेताना धरायचा तशी. आलेख खाली उतरायला लागला होता. आणखी अर्ध्या मिनिटात वेळ टळली असती.

तिने बटण दाबलं.

चाळीस मिनिटांनी गुरू उठला, पाणी प्यायला, आणि आरशात बघून केस नीट केले. “भूक लागली की गं. कुठं खाऊया?”

“सोमवारी काय करायचंय, लक्षात आहे ना?”

“आहे की,” तो म्हणाला. “बघू. एवढं काय त्यात.”

*

सोमवार गेला. शैलजाने फोन केला तर तो म्हणाला, करतो. पुढचा सोमवारही गेला. तिसऱ्या आठवड्यात ती त्याच्या घरी गेली. गुरूचे गाल भरले होते. त्याने तिला हौसेने चहा करून दिला, गच्चीत लावलेली झाडं दाखवली.

“चंद्रभागाबाई कशा आहेत?” तिने विचारलं.

“आता चालता येत नाही. मुलगी उचलून आणते. परवा मला ओळखलंच नाही त्यांनी, मेंदूपर्यंत गेलेलं दिसतंय.” हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा स्वर हळवा झाला. “अक्का, तू उगाच जिवाला लावून घेतेस. आणि कुठं बोलू नकोस हं. खुर्चीतलं बाहेर सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, शिक्षा होईल. माझ्यामुळे तुला त्रास नको.”

तो मनापासून बोलत होता. तिच्या भावाला तिची काळजी होती, तिच्या पायाला मुंगी चावू नये असं त्याला वाटत होतं. तिने काही वाईट माणूस घडवला नव्हता. तो पूर्वीसारखाच लाघवी होता. फक्त ज्या काट्याने त्याला सोमवारी कचेरीत ढकलत नेलं असतं, तो काटा तिने स्वतःच्या हाताने उपटला होता. दुखणं तेवढं गेलं होतं आणि ज्यासाठी दुखत होतं ते होतं तिथेच राहिलं होतं.

त्यानंतर ऐकलेले आवाज तिला सोडीनात. नऊ वर्षं ते इकडून येऊन तिकडे गेले होते. आता ते राहायला आले. बाजारात मेथी निवडताना कुणीतरी शेजारी म्हणे, ‘तिला विहिरीत ढकललं नाही मी, फक्त दोर सोडला.’ वळून पाहिलं तर भाजीवाली दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत असे. ज्यांचे हे शब्द होते ते शहरात निर्धास्त फिरत होते, लग्नांत जेवत होते. टोच त्यांच्याकडून निघाली होती, पण ती कुठे नाहीशी झाली नव्हती. जिने ऐकलं तिच्याकडे ती जमा होत गेली, असं शैलजाला वाटू लागलं.

ती तरीही गप्प राहिली. नोकरीची भीती होती, गुरूला तुरुंगात टाकतील ही त्याहून मोठी भीती होती. आणखी आठवडा, आणखी आठवडा, असं करत पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात केंद्राच्या प्रमुख डॉक्टर बोल्ली यांनी तिला आत बोलावलं. त्या वयाने तिच्याहून लहान, हुशार आणि कधी आवाज न चढवणाऱ्या.

“शैलजाताई, तीन दिवसांत तुम्ही चार वेळा बटण उशिरा दाबलंत. काय झालंय?”

शैलजाने गुरूचं नाव न घेता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं.

“म्हणजे तुमचीच काढायला हवी,” डॉक्टर बोल्ली म्हणाल्या. “मी स्वतः बसवते तुम्हाला. आत्ताच. इतक्या वर्षांत एकदाही घेतली नाहीत, हेच चुकलं.”

ज्या खुर्चीत तिने हजारो माणसं बसवली तिच्यात शैलजा पहिल्यांदा बसली. कडं थंडगार होतं. तिने सांगायला सुरुवात केली. श्रावण, दुपार, गुरू, त्याचे पांढरे झालेले केस. सांगता सांगता ती सतरा माणसांपाशी आली, आणि तिला दिसलं की आणखी दोन वाक्यांनी तिचा आवाज चिरकेल, बोल्ली मॅडम बटण दाबतील, ती उठेल, पाणी पिईल आणि म्हणेल, बघू, एवढं काय त्यात.

तिने कडं काढलं.

“मला आधी एक पत्र पाठवायचंय,” ती म्हणाली. “मग बसते.”

“आधी बसा. पत्र नंतर लिहा, शांत डोक्याने.”

“शांत डोक्याने ते लिहून होणार नाही, मॅडम.”

बाहेरच्या बाकावर बसून तिने आरोग्य खात्याला तक्रार लिहिली. स्वतःचं नाव, भावाचं नाव, ऐकल्याची तारीख, आणि ऐकूनही सहा आठवडे गप्प बसल्याची कबुली. पाठवून झाल्यावर डॉक्टर बोल्ली दारात उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. “आता या,” त्या म्हणाल्या. शैलजाने मानेनेच नाही म्हटलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

*

दोन दिवसांत डायलिसिस केंद्राला टाळं लागलं. पाणी तपासलं तेव्हा धातू मर्यादेच्या अकरा पट निघाला. रुग्णांना दुसरीकडे हलवलं. चौघांची हाडं कायमची ठिसूळ झाली होती. गुरूने चौकशीत सगळं खरं सांगितलं, विचारलं नव्हतं तेही सांगितलं, आणि सही करताना अधिकाऱ्याच्या पेनाचं कौतुक केलं. अधिकाऱ्यानेही ते प्रेमाने दाखवलं. गुरूचा परवाना गेला. शैलजाची नोकरी गेली. शिक्षा कुणाला झाली नाही; शिक्षा व्हावी इतका राग त्या कचेरीत कुणाला आलाच नव्हता.

सतरा जणांत सोळाच हलवले गेले. चंद्रभागा म्हेत्रे तक्रार पोचायच्या सहा दिवस आधी वारल्या होत्या.

शैलजा पत्ता काढत त्यांच्या घरी गेली. विडी कामगारांच्या जुन्या वसाहतीत दोन खोल्या होत्या. मुलगी रेणुका टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती, तिशी ओलांडलेली, हडकुळी. भिंतीला टेकवलेला पलंग अजून उचललेला नव्हता.

शैलजाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. पाण्याचं, भावाचं, बटणाचं, सहा आठवड्यांचं. रेणुका हातातला टॉवेल घडी करत ऐकत होती. घडी झाली की ती मोडून पुन्हा घालत होती.

“तुम्ही पहिल्याच दिवशी बोलला असतात तर आई वाचली असती?” तिने विचारलं.

“माहीत नाही. कदाचित वाचल्या असत्या. निदान शेवट असा झाला नसता.”

“बटण दाबताना तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

बाहेर कुणीतरी वाळवण उचलत होतं, पत्र्याचा आवाज येत होता.

“मला माफ करा,” शैलजा म्हणाली.

“ते म्हणू नका. त्यानं तुम्हाला हलकं वाटेल. मला काय?” रेणुकाने टॉवेल बाजूला ठेवला. “आई रोज सांगायची, कंबर दुखते, पाण्यात काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले वय झालंय. मी पण म्हणलं. शेवटी शेवटी तर मी ओरडायची तिच्यावर. एकदा म्हणलं, नाटकं बंद कर आई, मला सकाळी कामाला जायचंय. त्यानंतर ती दुखलं तरी कण्हायची नाही. तोंडात पदर धरायची.” तिने वर पाहिलं. “आत्तापर्यंत मला वाटत होतं, दुखत असेल थोडं, आई जास्त करत असेल. आता तुम्ही येऊन सांगताय की ती खरंच बोलत होती.”

आपण कबुली द्यायला आलो आणि या बाईच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवून चाललो, हे शैलजाला कळलं.

“गुरुवारी मी वेळ घेतलीय,” रेणुका म्हणाली. “तुमच्याच केंद्रात. रात्रपाळीत हात थरथरतो, मशीनवर बोटं जातील एखाद्या दिवशी. आधी जाऊ की नको असं होत होतं.” ती उठून दाराशी गेली आणि दार धरून उभी राहिली. “तुम्हाला मी माफ करणार नाही. जा आता.”

ते ऐकून शैलजाला रडू आलं. इतक्या महिन्यांत तिच्यावर रागावणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं. वसाहतीच्या कमानीपाशी ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि त्या रागाला जपून घेतल्यासारखी पिशवी छातीशी धरून घरी गेली.

मल्लिनाथ तिच्यासाठी जेवायचा थांबला होता. तिने सांगितलेलं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “तू पण एकदा काढून घे,” तो ताट वाढताना म्हणाला. “किती दिवस वागवणार? मी काढली तेव्हापासून बघ, किती बरा आहे.” पहिल्यांदाच तिने विचारलं, “तुम्ही कशाची काढली होती?” त्याने आठवून पाहिलं. “होतं काहीतरी तुझ्याच संदर्भात,” तो म्हणाला. “सांगतो कधीतरी. आमटी घे.”

*

गुरुवारी शैलजा केंद्राच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. रेणुकाला अडवायचं नव्हतं. अडवायचा हक्क कुठल्या तोंडाने सांगणार? मशीनवर बोटं जाण्यापेक्षा टोच गेलेली बरी, असंही तिला एकीकडे वाटत होतं. आपल्याला इथे का यावंसं वाटलं हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. तिने रेणुकाला आत जाताना पाहिलं, खांदे पडलेली, चपला ओढत. मग ऊन चढत गेलं. रसाच्या गाड्यावर गिऱ्हाइकं आली आणि गेली.

तासाभराने रेणुका बाहेर आली. चालण्यात झपाटा होता. दुपट्टा सावरताना तिची नजर समोर गेली, आणि ती हसत रस्ता ओलांडून आली.

“अहो, तुम्ही? बरं झालं भेटलात. त्या दिवशी मी उगाच तोडून बोलले तुम्हाला. साधं पाणी पण विचारलं नाही.”

“असू दे,” शैलजा म्हणाली.

“नाही, नाही. तुम्ही एवढ्या लांब आलात, खरं बोललात. मी माफ केलं हं तुम्हाला. भावाला पण सांगा तुमच्या, मनात ठेवू नको म्हणावं.” तिने शैलजाचा हात हातात घेऊन दाबला. तिचा हात कोरडा होता, अजिबात थरथरत नव्हता.

शैलजाने आपला हात सोडवून घेतला नाही. “रेणुका,” ती म्हणाली, “आईंना कुठं दुखायचं?”

“आईला?” रेणुकाने कपाळाला आठी घातली, आठवायचं म्हणून नव्हे, तर प्रश्न कशाला विचारला हे न कळून. “गुडघ्यात का काय ते. सारखं काही ना काही म्हणायची बाई.” समोरून रिक्षा आली तशी तिने हात केला, आत बसली आणि बाहेर डोकावून म्हणाली, “या एकदा घरी. चहाला.”

रिक्षा होटगी रस्त्याने निघून गेली. शैलजा उन्हात उभी होती. कंबरेत, तिने मनाशी म्हटलं. डाव्या बाजूला. कूस बदलताना.